सुधारणेस वाव आहे

लोंढ्यात घर असलं की माणसाच्या मागे एक बिनपगारी काम कायमचं लागतं: दुसऱ्याच्या पीएचडीला उपयोगी पडणं. आमच्या जंक्शनातून एक फाटा अळणावरमार्गे हुबळी-धारवाडकडे जातो, दुसरा बेळगाव करून मिरजेला, तिसरा कॅसलरॉकचा घाट उतरून गोव्यात. कुठल्याही फाट्याने जा, पुढे विद्यापीठ आहेच. धारवाडचं १९४९चं, कोल्हापूरचं १९६२चं, गोव्याचं १९८५चं. एवढ्यावर भागेना म्हणून की काय, २०१० साली बेळगावलाही राणी चन्नम्मांच्या नावाने विद्यापीठ निघालं. चौघांच्या मधोमध राहणाऱ्याची प्रश्नावलीतून सुटका कशी व्हायची?

विषयांना तोटा नाही. गवळी-धनगरांचं दूध, सिद्दी लोकांची गाणी, भीमगडच्या जंगलातल्या मुंग्या, स्टेशनवर करवंदं विकणाऱ्या बायकांचं अर्थकारण, म्हादईचं पाणी. निपाणीकडे गेलात तर तंबाखूच्या पानागणिक एक प्रबंध सापडेल. सीमाप्रश्न तर बारमाही पीक आहे. महाजन अहवाल १९६७चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४चा. या विषयावर पीएचडी झालेला विद्यार्थी पुढे स्वतः गाइड होतो, त्याचा विद्यार्थीही गाइड होतो, आणि विषय जागचा हलत नाही. संशोधकाला याहून भरवशाचं काय हवं?

शीर्षकांची घडण मात्र ठरलेली. आधी विषय, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग ‘एक चिकित्सक अभ्यास’. गांधीनगरच्या ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध फुकट वाचायला मिळतात. मी झोप येईना की तिथे जातो. दुसऱ्या प्रकरणापर्यंत काम होतं.

आमच्या गल्लीत प्रश्नावली भरण्याचा सोहळा बघण्यासारखा असतो. धारवाडचा मुलगा कन्नड फॉर्म घेऊन येतो, कोल्हापूरची मुलगी मराठी, आणि गोव्याचा गडी कोकणीत गप्पा मारत इंग्रजी फॉर्म पुढे करतो. भाषेची अडचण आम्हाला कधीच नाही. घोडं अडतं ते ‘मासिक उत्पन्न’ या रकान्यापाशी. कन्नड फॉर्म दिसला की कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे बंद होतील या धास्तीने गल्ली एकदम गरीब होते. मराठी फॉर्म बघून महाराष्ट्राची लाडकी बहीण योजना आता इकडेही सुरू झाली असं वाटतं, मग तर आणखीच गरीब. गोव्याच्या मुलाकडून मिळण्यासारखं काही नसतं, म्हणून त्याच्यासमोर जरा इभ्रतीने घेतात. परिणामी एकच गल्ली एका विद्यापीठात दारिद्र्यरेषेखाली आहे आणि दुसऱ्यात मध्यमवर्गीय. दोन्ही प्रबंध मान्य झालेले आहेत.

करवंदंवाल्या मावशींची मुलाखत चालू असताना मी शेजारीच चहा पीत होतो. मुलगी नवखी होती, पॅडला फॉर्म लावलेला, पेनाचं टोपण तोंडात.

‘‘मावशी, रेल्वेमुळे माझ्या जीवनमानात सुधारणा झाली आहे. पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत?’’

‘‘तुझ्या जीवनमानात?’’

‘‘माझ्या नाही, तुमच्या.’’

‘‘मग तसं इचार की. गाडी टायमात आली तर सहमत. चार तास लेट आली की माल मऊ पडतोय, मग ते शेवटचं लिव.’’

मुलीने बराच वेळ फॉर्मकडे पाहिलं आणि ‘तटस्थ’वर टिक केली. मावशींनी तिच्या हातावर पानभर करवंदं ठेवली आणि विचारलं, ‘‘किती शिकालीस गं बाळा, लगीन कधी?’’ त्याला पर्याय दिलेले नव्हते.

हे पाच रकानेही मूळचे एका विद्यार्थ्याच्याच डोक्यातले. रेन्सिस लायकर्ट नावाच्या अमेरिकन माणसाने १९३२ साली कोलंबिया विद्यापीठातल्या पीएचडीसाठी ते मांडले. तेव्हापासून जगातल्या प्रत्येक मावशीला पाचांपैकी एका खणात बसावं लागतं.

विचित्र विषयांना हसण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि मीही मनसोक्त हसतो. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या दोघांनी शाळकरी मुलांच्या नाकात बोट घालण्याच्या सवयीची रीतसर पाहणी केली, २००१ साली त्यांना गमतीदार संशोधनासाठीचं इग नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी केरळ कृषी विद्यापीठातल्या दोघांना मिळालं, हत्तीच्या अंगाचं एकूण क्षेत्रफळ काढण्याच्या सूत्राबद्दल. हत्तीची उंची आणि पुढच्या पावलाचा घेर एवढं मोजलं की बाकीचा हत्ती कागदावर येतो. आमच्या खानापूर तालुक्यात दांडेलीकडचे हत्ती भातात शिरतात तेव्हा भरपाईसाठी शेताचं क्षेत्रफळ मोजायला माणूस येतो. हत्तीचंच मोजावं हे इथे कुणाला सुचलं नाही. पण एक सांगतो, हत्तीच्या पावलाभोवती टेप धरणारा माणूस निदान हत्तीजवळ गेलेला असतो. ‘जागतिकीकरण आणि ग्रामीण जीवन’वाल्याबद्दल ही खात्री मला देता येणार नाही.

जवळ जाण्याचा फायदा बघायचा तर बेडकाचंच घ्या. आमच्या पुढच्याच पट्ट्यात, कॅसलरॉकला, रात्री ओढ्यातल्या दगडांवर बसणारा एक बेडूक आहे. इंद्रनील दास आणि कृष्णमेघ कुंटे यांनी २००५ साली त्याची नवी जात म्हणून नोंद केली, आणि आता तो कॅसलरॉकच्या नावाने जगभर ओळखला जातो. तळेवाडीकडच्या बारापेडे गुहेतल्या वटवाघळाची नोंद तर १९१३ची. पुढे कितीतरी वर्षं ते जगात फक्त त्याच गुहेत माहीत होतं, नंतर मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. लोंढ्याचं नाव मात्र कुठल्या प्राण्याला मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही, डासाला सुद्धा नाही, आणि डासांच्या बाबतीत आमचा हक्क कॅसलरॉकपेक्षा मोठा आहे.

माझी तक्रार विषयांबद्दल नाहीच. विषय मुंगीपासून म्हादईपर्यंत काहीही घ्या, शेवटचं प्रकरण उघडलं की निष्कर्ष एकच: परिस्थितीत सुधारणेस वाव आहे. शिफारस: शासनाने लक्ष द्यावे. एवढ्यासाठी मावशींची दुपार कशाला घालवली? २०१८ साली नक्कल पकडायचा नियम आला, दहा टक्क्यांवर साम्य आढळलं तर प्रबंध परत. हा नियम फक्त निष्कर्षांच्या प्रकरणाला लावला तर चारही विद्यापीठांना कुलूप लागेल.

पूर्वीचे विद्यार्थी निष्कर्षांच्या बाबतीत फार बेशिस्त होते. इरावती कर्वे बर्लिनला पीएचडी करत होत्या. विषय काय, तर माणसाच्या कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते, त्याचं मोजमाप. गाइड ऑयगेन फिशर यांचा सिद्धांत होता की या फरकाला वंश कारण आहे, गोऱ्यांचं काही वेगळं आहे. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसं काही दिसत नाही असं लिहून दिलं, तेही फिशर यांच्याच संस्थेत बसून. बाबासाहेबांनी लंडनला डीएस्सीसाठी ‘रुपयाचा प्रश्न’ घेतला. १९२३ साली पुस्तक निघालं तेव्हा त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेतच आपला मतभेद मांडला, आणि तो तसाच छापलाही गेला. आजचा विद्यार्थी सरांनी चहात साखर जास्त आहे म्हटलं तर आपलाही कप खाली ठेवतो.

माझा भाचा यंदा ‘पेट’ ही पीएचडीची प्रवेशपरीक्षा पास झाला आणि विषय शोधत माझ्याकडे आला. मी म्हटलं, ‘‘आमचीच गल्ली घे. वेगवेगळ्या विद्यापीठांना दिलेल्या उत्तरांतली तफावत : एक चिकित्सक अभ्यास. नमुना दारात, चहा फुकट.’’ पोरगा हरखला. सिनॉप्सिस टाइप करून गाइडकडे गेला आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने तोंड पाडून परत आला.

‘‘काय म्हणाले सर?’’

‘‘यावर आधी कुणी काम केलेलं नाही म्हणाले मामा. मग संदर्भग्रंथांच्या यादीत घालणार काय?’’

‘‘मग दुसरा दिला का?’’

‘‘दिला. सीमाप्रश्न.’’