ऊन उतरवून घेण्याची कृती

साठी ओलांडलेला पुणेकर एक वाक्य हमखास बोलतो : "आमच्या वेळी पुण्यात पंखा लागत नसे." आमच्या सोसायटीत ते चौथ्या मजल्यावरचे काका बोलतात. मार्च ते जून, रोज संध्याकाळी, पार्किंगमधल्या बाकावर. काका बँकेतून निवृत्त झाले आहेत, त्यामुळे तोंडी पुरावा ते स्वतःचा सोडून कोणाचाच मानत नाहीत. तेव्हा कागदावर आकडे आणून एकदाचा निकाल लावावा, अशा सद्हेतूने मी हवामानाचे आणि अतिनील किरणांचे आकडे इंटरनेटवरून उतरवून घ्यायला बसलो. त्यात एक उन्हाळा गेला. ज्यांच्या सोसायटीत असे काका असतील, त्यांच्या सोयीसाठी ही कृती लिहून ठेवीत आहे.

साहित्य : संगणक एक, बऱ्यापैकी रिकामी हार्डडिस्क एक, कॉलेजात जाणारा भाचा एक (स्वतःचा नसल्यास शेजाऱ्याचा चालेल). आणि प्रश्न एक. प्रश्न बसण्यापूर्वीच ठरवावा, कारण मराठीत ऊन एकच असले तरी संकेतस्थळांवर त्याच्या पोटजाती आहेत : हवेचे तापमान वेगळे, जमिनीचे वेगळे, सूर्यप्रकाशाची ऊर्जा वेगळी, अतिनील किरण वेगळे. "ऊन" असे लिहून शोधल्यास लोकरीचे स्वेटर दिसू लागतात.

नवशिक्याने आधी पावसावर हात बसवावा. भारतीय हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर १९०१ पासूनचा रोजचा पाऊस वर्षावार फायलींत ठेवलेला आहे आणि तो फुकट आहे. (ही कचेरी १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आली. त्यामुळे शिवाजीनगरातल्या इमारतीला आणि तिच्या चौकालाही पुणेकर अजून 'सिमला ऑफिस'च म्हणतात. गावाच्या उकाड्याचा हिशेब सिमला ऑफिसात ठेवला जातो, याचे इथे कोणाला काही वाटत नाही.) वर्ष निवडावे, बटण दाबावे, फाइल येते. इथपर्यंत सारे सुरळीत होते, म्हणून माणूस गाफील राहतो.

फाइल उघडत नाही. नोटपॅडमध्ये उघडल्यास मोडी लिपीला ताप आल्यासारखी अक्षरे दिसतात. ती वाचण्याचा प्रयत्न करू नये. आत नुसते आकडे आहेत, एकाला चार बाइट याप्रमाणे, एकापुढे एक. मथळा नाही, रकान्यांची नावे नाहीत. देशावर पाव-पाव अंशाची जाळी टाकली आहे : आडवे १३५ बिंदू, उभे १२९, एकूण १७,४१५. आता हिशेब करावा. १७,४१५ गुणिले चार गुणिले ३६५ म्हणजे २,५४,२५,९०० बाइट. लीप वर्ष असेल तर ६९,६६० जास्त. फाइल एवढ्याच वजनाची असेल तर ती पूर्ण उतरली, एक बाइटही कमी असेल तर वीज गेली होती असे समजावे. हा ताळा मी काकांना करून दाखवला, तेव्हा त्यांनी सबंध उन्हाळ्यात पहिल्यांदाच मान डोलावली. "असं पाहिजे," म्हणाले. पाऊस किती पडला, ते मात्र त्यांनी विचारले नाही.

पुढची पायरी निसरडी आहे. जाळी चौकोनी आणि देश तसा नाही, त्यामुळे बरेचसे बिंदू समुद्रात किंवा शेजारी देशांत पडतात. तिथे पावसाचा आकडा नसतो, म्हणून उणे ९९९ लिहिलेले असते. ते 'माहिती नाही' असे वाचायचे असते. मी ते आकडा म्हणून वाचले आणि कोकण किनारपट्टीची सरासरी काढली. ऐन जुलैत रत्नागिरीकडे उणे पाऊस पडत होता. काकांनी कागद हातात घेऊन पाहिला आणि "ओव्हरड्राफ्ट" एवढेच बोलून परत दिला.

तारखेचीही एक गंमत आहे. आपल्या वेधशाळांचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो, आणि जमलेले पाणी ज्या तारखेला मोजले त्या तारखेच्या नावावर पडते. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पावसाच्या आठवणी घरोघरी आहेत. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. फाइलमध्ये २६ तारीख उघडून "छे, एवढं काही नव्हतं" असे म्हणणाऱ्याने २७ तारीख उघडावी. तिथेही ९४४ सापडणार नाही, ती आणखी पुढची गोष्ट. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला होता. जाळीच्या एका चौकटीची बाजू सव्वीस-सत्तावीस किलोमीटरची. कुलाबा ते सांताक्रूझ हवाई अंतर त्याहून कमीच. आसपासच्या पर्जन्यमापकांचे आकडे सांधून एका चौकटीला एकच आकडा द्यायचा, तेव्हा एक गाव बुडालेले आणि दुसरे नुसते भिजलेले असले तरी दोघांच्या वाट्याला मधलेच काहीतरी येते. यात कोणाची चूक नाही. एका ताटात वाढले की आमटी भातात जाणारच.

हे वाक्य मी पाठ करून ठेवले होते, तरी तापमानाच्या फायलीने दगा दिला. ती १९५१ पासूनची आहे, म्हणजे काकांचे सारे बालपण तिच्यात येते. पण तिची जाळी एक-एक अंशाची, चौकट शंभर किलोमीटरच्या वरची. पुणे ज्या चौकटीत बसते ती रेखांश ७३ ते ७४, अक्षांश १८ ते १९. नकाशावर पेन्सिलीने आखून पाहावी. तिच्यात पुणे आहे, लोणावळा आहे, कर्जत आहे, महाड आहे आणि पेणही आहे.

"पेण?" काका म्हणाले.

"हो."

"पेणचा घाम पुण्याच्या नावावर?"

मी सांधणीची पद्धत समजावून सांगू लागलो. काकांनी हात वर केला. "आम्ही कर्जत शाखेचं खातं कधी शिवाजीनगरच्या लेजरात धरलं नाही." कोणत्याही हवामानशास्त्रज्ञाने हा आक्षेप दुसऱ्या शब्दांत मान्य केला असता, म्हणून मी गप्प बसलो. फक्त शिवाजीनगर वेधशाळेचे रोजचे आकडे हवे असतील तर ते निराळे मागावे लागतात, त्यासाठी खात्याकडे रीतसर अर्ज करावा. अर्जाचा मसुदा काकांनी त्याच रात्री तीन प्रतींत तयार केला. सही माझी हवी म्हणतात.

दरम्यान हाती एक जुना आकडा लागला. पुण्यातल्या एप्रिलचा विक्रम ४३.३ अंशांचा आणि तो ३० एप्रिल १८९७ चा आहे. तेव्हा पुण्यात पंखे नव्हते हे काकांचे म्हणणे खरेच, प्लेग आणि रँडसाहेब मात्र होते. मी हा आकडा विजयी मुद्रेने बाकावर ठेवला. काका म्हणाले, "मी १९६५ चं बोलतोय." मग चष्मा काढून पुसला आणि खरा घाव घातला : "आणि हे तापमान सावलीतलं ना?"

सावलीतलेच. वेधशाळेतला तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा-एक मीटरवर टांगलेला असतो. पेटीत हवा खेळते, ऊन शिरत नाही. तिला स्टीव्हन्सनची पेटी म्हणतात. हे थॉमस स्टीव्हन्सन दीपगृहे बांधणारे अभियंते, 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे वडील. मुलाने खजिन्याचा नकाशा केला आणि बापाने खजिना कुलपात ठेवला, असे मला त्या रात्री वाटले.

"मी उन्हाचं बोलतोय रे. कातडीला लागायचं त्याचं," काका म्हणाले. झाले. सावलीतून उठून अतिनील किरणांकडे जावे लागले.

आजचा निर्देशांक किती, एवढेच हवे असेल तर फोनवर दिसतो, तिथेच थांबावे. पुण्यात एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी तो अकराच्या पुढे असतो, आणि अकराच्या पुढे सारे जांभळ्या रंगाचे 'अतितीव्र' असते. वर्षानुवर्षांचे आकडे हवे असतील तर नासाचे दार आहे. खाते फुकट मिळते, पण फॉर्म भरावा लागतो. असल्या एका फॉर्मात संस्थेचे नाव विचारले होते. पुष्कळ विचार करून मी आमच्या सोसायटीचे पूर्ण नाव लिहिले, 'सहकारी गृहरचना संस्था मर्यादित' यासह. नोंदणी क्रमांकही दिला. तो कोणी मागितला नव्हता. अर्ज तत्काळ मंजूर झाला. आमच्या सोसायटीला वाहनतळाची मंजुरी मिळायला यापेक्षा बराच जास्त वेळ लागला होता.

२००४ साली सोडलेल्या ऑरा उपग्रहावर ओमी नावाचे यंत्र आहे. ते ओझोन मोजते आणि त्यावरून जमिनीवर किती अतिनील किरण पोचत असतील त्याचा हिशेब होतो. लक्षात ठेवावे, उपग्रह ऊन मोजत नाही, तो वरून परत येणारा उजेड पाहून खालचे ऊन ताडतो. रोजची एक फाइल, वर्षाच्या ३६५. एकेका फायलीवर टिचकी मारत बसू नये. मी बसलो. मार्च महिना संपेपर्यंत मनगट सुजले. मग भाच्याने चार ओळींची एक आज्ञावली लिहिली आणि तो मॅच पाहायला गेला. फायली रात्रभर आपोआप पडत राहिल्या.

आकडे आले की त्यांचे एकक पाहिल्याशिवाय तोंड उघडू नये. या फायलींत किरणांची तीव्रता मिलिवॉटमध्ये असते, आणि निर्देशांकाचा एक म्हणजे चौरस मीटरला पंचवीस मिलिवॉट. तीनशे दिसले तर घाबरू नये, पंचविसाने भागावे, बारा येतात. युरोपकडच्या एका प्रसिद्ध संचात तापमान केल्विनमध्ये असते. त्यातून २७३.१५ वजा करायचे राहून गेल्यामुळे मी काकांना पुण्याचे तापमान ३१३ सांगितले होते. त्याच संचात 'अतिनील प्रारण' असाही एक रकाना आहे, पण तो निर्देशांक नव्हे. कातडीला कोणता किरण किती भाजतो याचे वजन त्यात धरलेले नसते. नाव तेच, भाव वेगळा.

घड्याळाचेही तसेच. या संचांतल्या वेळा ग्रिनिचच्या असतात, त्यांत साडेपाच तास मिळवावेत. आणि पुण्यात सूर्य डोक्यावर बाराला येत नाही. भारतीय प्रमाणवेळेची रेषा आपल्या पूर्वेला असल्यामुळे तो मेमध्ये साडेबाराच्या सुमारास येतो. मेच्या मध्यावर एक दिवस तो अगदी माथ्यावर असतो. शून्य सावलीचा तो दिवस शाळेतली मुले पाइपचा तुकडा उभा करून साजरा करतात. तेव्हा "बारा वाजून गेले, आता ऊन उतरेल" असे म्हणून घराबाहेर पडणाऱ्याने ग्रिनिचला दोष देऊ नये.

चौकट? एक-एक अंशाची. रेखांश ७३ ते ७४, अक्षांश १८ ते १९. पेण इथेही आले. मी काकांना सांगितले नाही.

शेवटची सूचना खुणेच्या आकड्यांविषयी. प्रत्येक आकड्याशेजारी त्याच्या विश्वासार्हतेची खूण असते आणि संशयित आकडे गाळावेत असे पुस्तकात लिहिलेले असते. गाळावेत, पण फेकू नयेत. १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचा ओझोन विरळ झाल्याचे जमिनीवरच्या यंत्राने दाखवून दिले. त्याच सुमारास वरून फिरणाऱ्या उपग्रहाच्या व्यवस्थेत १८० एककांच्या खालचा ओझोन संशयित ठरवायचा नियम होता. इतके कमी असूच शकत नाही, अशी समजूत. नोंदी वहीत होत्या, शेजारी प्रश्नचिन्ह होते. काकांनी ही हकिगत दोनदा ऐकली. बँकेत असताना त्यांनीही एक खाते असेच बाजूला ठेवले होते म्हणे. पुढे काय झाले ते सांगत नाहीत.

सगळे जमले. वीस वर्षांच्या दुपारी ओळीने मांडून, पंचविसाने भागून, साडेपाच तास मिळवून मी आलेख बाकावर नेला. काकांनी डावीकडचे टोक पाहिले. "२००४?"

"हो. त्याआधीचा दुसरा उपग्रह आहे, पण तोही १९७८ चा."

"म्हणजे १९६५ चा पुरावा नाही."

"उपग्रहाचा नाही."

"मग माझं म्हणणं कायम," असे म्हणून काका उठले आणि वर जाऊन एसी लावला. त्याचे पाणी खाली बाकावर ठिबकते.

फायली माझ्याकडे आहेत, बाइटचा ताळा जमलेल्या. ज्यांना हव्यात त्यांनी मोठा पेनड्राइव्ह घेऊन यावे. मेमध्ये येणार असाल तर सकाळी दहाच्या आत या, किंवा चार वाजून गेल्यावर. साडेबाराला मी गच्चीत पापड राखत असतो, बेल ऐकू येत नाही.