कोटाच्या पाठीवरची फुली

व्यावसायिक ओळखी वाढवण्यासाठी भरणाऱ्या मेळाव्यांना नेटवर्किंग असे सुटसुटीत नाव आहे. त्यांच्या निमंत्रणाच्या तळाशी ‘पोशाख : स्मार्ट कॅज्युअल’ अशी एक ओळ असते आणि स्थळ, वेळ व वक्ते यांपैकी कशानेही होत नाही इतकी झोपमोड त्या ओळीने होते. लग्नपत्रिकेतील ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ हिची सख्खी बहीण मानता येईल. कारण दोन्ही ओळी पाहुण्याला मोकळीक देण्यासाठी लिहिलेल्या असतात, दोन्हींवर कोणाचाही विश्वास बसत नाही आणि दोन्ही वाचल्यावर घडणारी पहिली कृती एकच असते, ती म्हणजे दुसऱ्या निमंत्रिताला फोन करून ‘तुम्ही काय ठरवलंय?’ असे विचारणे. त्या दुसऱ्यानेही काही ठरवलेले नसते. तो याच फोनची वाट पाहत असतो.

स्मार्ट म्हणजे नीटनेटका आणि कॅज्युअल म्हणजे सहज अंगावर चढवलेला. या दोन विशेषणांचा संसार मुळातच कुरबुरीचा आहे, कारण पहिल्याला इस्त्री लागते आणि दुसऱ्याला इस्त्रीसाठी घेतलेले कष्ट दिसलेले खपत नाहीत. रूढ अर्थाने या पोशाखात टाय नसलेला कॉलरचा शर्ट, बटणे न लावता घातलेला ब्लेझर, चिनो म्हणजे तिरकस विणीच्या सुती कापडाची विजार आणि लोफर म्हणजे नाडी नसूनही स्वतःला चप्पल म्हणवून न घेणारे बूट, एवढ्यांचा समावेश होतो. जीन्सलाही प्रवेश असतो. मात्र ती गडद रंगाची व न फाटलेली असावी लागते, आणि फाटकी जीन्स धडक्या जीन्सपेक्षा महाग असू शकते हे ध्यानात घेता ही अट काटकसरीला पोषकच ठरते.

या पोशाखाचे घराणे तपासले असता मौजेच्या गोष्टी हाती लागतात. चिनोचा लाडका रंग खाकी, आणि ‘खाक’ या फारसी शब्दाचा अर्थ धूळ. म्हणजे सैनिक धुळीत दिसू नये म्हणून स्वीकारलेल्या रंगाची विजार घालून आजचा निमंत्रित सर्वांच्या नजरेत भरण्याची आशा धरतो आणि दारात थांबून तिच्यावरची धूळ झटकतो. मुंबईच्या डोंगरी भागावरून ज्याला नाव मिळाले ते जाडेभरडे सुती कापड इंग्रजीत ‘डंगरी’ होऊन खलाशांच्या व मजुरांच्या अंगावर गेले; जीन्सचे डेनिम हे त्याचे चुलत भावंड, आणि आता तेच भावंड वातानुकूलित सभागृहात मानाने वावरते. कामाच्या जागी सैल पोशाखाची टूम अमेरिकेत पसरली तेव्हा, १९९२ मध्ये, लिव्हाय स्ट्रॉस या जीन्स विकणाऱ्या कंपनीने असे कपडे कसे घालावेत याची पुस्तिका सुमारे २५,००० मनुष्यबळ अधिकाऱ्यांना पाठवली. कपडे विकणाऱ्यानेच कपड्यांचे नियम लिहावेत, ही व्यवस्था भटजींनी स्वतःच दक्षिणेचा आकडा सांगण्याइतकीच सोयीची होती.

वस्तुतः अर्धा औपचारिक व अर्धा घरगुती पोशाख महाराष्ट्राला नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुण्याचा वकील किंवा शिक्षक खाली धोतर, वर कोट, खांद्यावर उपरणे, डोक्यावर पगडी आणि पायांत पुणेरी जोडा अशा थाटात बाहेर पडत असे. त्यातील कोट सरकारसाठी, पगडी समाजासाठी आणि धोतर स्वतःसाठी, ही वाटणी इतकी पक्की होती की आरशापुढे खोळंबण्याचे कारणच उरत नसे. सुती साडीवर खणाचा ब्लाउज घालून येणाऱ्या स्त्रियांनी हा प्रश्न आजही अशाच खंबीरपणे सोडवला आहे. उरलेल्यांच्या वाट्याला मात्र शर्ट खोचावा की बाहेर सोडावा हा सनातन वाद येतो. शर्टाची खालची कड सरळ असल्यास तो बाहेर सोडायचा आणि गोलाई देऊन पुढे-मागे लांब ठेवलेली असल्यास खोचायचा, असा शिंप्यांचा साधा नियम आहे. तथापि हा वाद कडेपेक्षा पोटावर अवलंबून असल्यामुळे तो नियमाने मिटत नाही.

प्रत्यक्ष मेळाव्यात पोशाखाची खरी परीक्षा चहाच्या वेळी होते. एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात समोशाची बशी असताना समोरून हस्तांदोलनासाठी पंजा पुढे येतो, कप बशीवर चढतो, समोसा कडेला सरकतो आणि मोकळा झालेला तेलकट हात व्हिजिटिंग कार्डासाठी नव्या ब्लेझरच्या खिशाकडे धावतो. तो खिसा उघडत नाही. दुकानात टांगलेल्या कोटाचा आकार बिघडू नये म्हणून त्याचे खिसे कच्च्या टाक्यांनी बंद केलेले असतात आणि पाठीमागची चीर फुलीच्या आकाराच्या टाक्याने जोडलेली असते. हे टाके घरी उसवायचे असतात, परंतु सहजपणाच्या तयारीत रात्र घालवणाऱ्याला त्यांचा विसर पडतो. खिशाचा टाका धन्याला कळतो. पाठीवरची फुली सभागृहातील सर्वांना दिसते, एका धन्याखेरीज.

व्यवसायवाढीच्या संधी व परस्पर सहकार्य यांवर बोलणारे पन्नास जण ती फुली पाहून पुढे जातात. अखेर एकावन्नावा कोणी जवळ येऊन, आवाज खाली आणून, ‘मागे दोरा राहिलाय, थांबा जरा,’ असे म्हणतो आणि किल्ल्यांच्या जुडग्यातल्या नेलकटरने ती फुली उसवून देतो. अशा मेळाव्यातून जन्मभर टिकणारी एखादी ओळख निघालीच, तर ती बहुधा याच ठिकाणी सुरू होते, आणि तीसुद्धा कार्डाची देवाणघेवाण न होता. कारण खिसा अजून शिवलेलाच असतो.