'आहे' मोठा, 'देश' बारीक

शिक्षकांच्या प्रशिक्षणात हल्ली वर्ड क्लाउड हटकून येतो. धड्याचा मजकूर त्यात टाका, जास्त वेळा आलेला शब्द मोठा दिसेल आणि मुलांना धड्याचा गाभा एका नजरेत कळेल, असे सांगितले जाते. मी मराठी शिकवते. मराठी मजकुराचा गाभा त्यात कळत नाही, ही माझी तक्रार आहे. तक्रार लहान असली तरी रोजच्या तासाची आहे, म्हणून नीट मांडते.

पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली प्रतिज्ञा घ्या. तिच्यात आहेत तसे शब्द मोजले, तर सर्वांत मोठे दिसतात 'आहे' आणि 'आणि', प्रत्येकी 5 वेळा. ज्या देशासाठी प्रतिज्ञा घ्यायची तो 'देश', 'देशावर', 'देशातल्या', 'देशबांधव' असा चार जागी विखुरतो आणि चारही जागी बारीक राहतो. इंग्रजीतले 'द', 'अँड' असे शब्द गाळण्याची यादी या साधनांत तयार असते. मराठीची यादी बहुतेक वेळा शिक्षकालाच करावी लागते. शिवाय प्रत्यय लागला की मराठी शब्दाचे रूप बदलते. पाणी, पाण्यात, पाण्याला हे एकाच शब्दाचे कुटुंब आहे हे मुलाला कळते, मोजणाऱ्या यंत्राला कळत नाही.

पुष्कळदा मोजणीपर्यंत गाडी जातच नाही. पायथॉनमधल्या लोकप्रिय वर्डक्लाउड लायब्ररीत मराठी मजकूर काही न बदलता घातला, तर काना, वेलांटी, मात्रा आणि हलन्त चिन्ह यांना ती अक्षराचा भागच मानत नाही. त्या प्रत्येक ठिकाणी शब्द तुटतो. 'विद्यार्थी'चे व, द, य, र, थ असे पाच तुकडे होतात. तिच्या मूळच्या फाँटमध्ये देवनागरी नसल्यामुळे हे तुकडेही नुसते चौकोन होऊन उमटतात. नमुना म्हणून पंचवीस-तीस शिक्षकांसमोर इंग्रजी उतारा दाखवला जातो आणि आम्ही आपापल्या शाळेत परतल्यावर पडद्यावर चौकोन बघतो. प्रशिक्षण मराठी शिक्षकांचे असेल, तर नमुनाही मराठीच हवा.

जोनाथन फाइनबर्ग यांनी 2008 मध्ये वर्डल हे साधन खुले केले आणि अशी चित्रे जगभर पोचली. शब्द देखणे दिसावेत, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. देखणेपणाबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण त्या चित्रात शब्दाची जागा आणि रंग यांना सहसा काहीच अर्थ नसतो. मुले मात्र विचारतात, "बाई, हा शब्द लाल का? तो मधोमध का?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर नाही. आडवी शिरोरेषा उभी करून लिहिलेला शब्द तिसरीच्या मुलाने मान वाकडी करून का वाचायचा, यालाही नाही. 'पाणी स्वच्छ नाही' या वाक्यातले 'स्वच्छ' एकीकडे आणि 'नाही' दुसरीकडे पडते. वाक्याने जे सांगितले, त्याच्या उलट चित्र सांगते.

सर्वांत जास्त त्रास होतो तो मुलांची उत्तरे थेट पडद्यावर घेताना. सगळ्यांनी लिहिलेला शब्द मोठा होतो. एखादीने वेगळा विचार केलेला असतो, तिचा शब्द कोपऱ्यात सर्वांत बारीक दिसतो. वेगळे उत्तर सर्वांना ऐकू जावे म्हणून मी तास घेते. इथे तेच उत्तर लहान करून दाखवले जाते आणि पुढच्या वेळी ती मुलगीही सर्वांचाच शब्द लिहिते.

मोजणी हा मात्र उत्तम अभ्यास आहे. तीच प्रतिज्ञा मुलांना द्या. 'आहे', 'आणि' खोडायला सांगा. उरलेल्या शब्दांची कुटुंबे लावू द्या. 'माझा', 'माझे', 'माझ्या' एकत्र आले की ते 10 वेळा येतात, 'आहे'च्या दुप्पट. देशाबद्दलच्या प्रतिज्ञेत 'माझे' इतक्या वेळा का यावे, या प्रश्नावर सबंध तास चालतो. सामान्यरूपही त्यातच शिकवून होते. याला फळा आणि खडू पुरतो.

वर्ड क्लाउड शाळेत आणायचाच असेल, तर मराठीत गाळायच्या शब्दांची यादी, शब्दरूपे एकत्र मोजण्याची सोय आणि देवनागरी फाँट एवढे त्यात आधी घाला. ते होईपर्यंत मराठीच्या तासाला त्याची सक्ती नको.