कॉर्डाचार्य

पुण्यातल्या बहुतेक हौशी वाद्यवृंदांत एक कॉर्डाचार्य असतोच. दिवसा बँकेत किंवा आयटीत, संध्याकाळी कीबोर्डवर. वाजवतात बरे, पण त्यांचं खरं वाद्य लॅपटॉप. भावगीतांचा कार्यक्रम ठरला की गायिका साडीचं बघते, निवेदक किस्से गोळा करतो आणि आचार्य लीड शीट करायला बसतात.

लीड शीट ही मुळात कमी कष्टाची सोय. कागदावर नुसती चाल, खाली शब्द, वर कॉर्डांची नावं. बाकीचं ज्याचं त्यानं बघून घ्यावं. जॅझवाल्यांच्या पिढ्या यावर वाजवत आल्या. आचार्यांना मात्र ‘ज्याचं त्यानं’ हेच मान्य नाही. साधी सी मेजर सेव्हन घ्या. कोणी तिच्यात मोठा एम काढतो, कोणी ‘एमए’ लिहितो, कोणी ‘मेज’, तर कोणी नुसता त्रिकोण. मोठ्या एमवर आचार्यांचा भारी राग. स्टेजवरच्या अंधारात तो छोटा वाचला गेला की मेजरची मायनर होते आणि मीलनाचं गाणं विरहाला लागतं. १९७६ साली ब्रँट आणि रोमर या दोघांनी, कॉर्डांची नावं सगळ्यांनी एकसारखी लिहावीत म्हणून अमेरिकेत अख्खं पुस्तक काढलं. जगानं त्यांचं ऐकलं नाही, हे दुःख आचार्य घरचं असल्यासारखं बाळगून आहेत.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत ते आधी फिनालेचे. १९८८ पासूनचा हा कार्यक्रम बंद करत असल्याचं कंपनीनं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलं, तेव्हा आचार्यांनी रीतसर सुतक पाळलं. मग म्यूझस्कोर झालं. ते फुकट, कंट्रोलबरोबर के दाबलं की सुराच्या डोक्यावर कॉर्ड लिहायला जागा तयार. इतकं सोपं त्यांना मानवेना. सध्या लिलीपाँड चालू आहे. तिथे माऊसला काम नाही, सगळं टाइप करायचं. आणि स्वरांची नावं मुळात डच, म्हणजे बी फ्लॅटला ‘बेस’ आणि एफ शार्पला ‘फिस’. आत सी, कोलन, मेज, सात असं टाइप केलं की कागदावर सी आणि शेजारी इवलासा त्रिकोण उमटतो. त्रिकोण आचार्यांना पसंत आहे, पण तो सातचा आकडा गिळून टाकतो. तो आकडा बाहेर काढण्यात एक शनिवार गेला. रविवारी तो अर्धा मिलिमीटर वर हवा होता.

मध्येच कधीतरी जर्मन पद्धत लागून गेली. जर्मन लोक बीला एच म्हणतात, आणि नुसता बी म्हणजे त्यांचा बी फ्लॅट. तालमीत बेस गिटारवाल्यानं कागद बराच वेळ उलटसुलट केला आणि विचारलं, “सर, एच म्हणजे इथं हळू वाजवायचं का?”

विषय निघाला की आचार्य सेबॅस्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्विस यांच्यावर येतात. गोव्याच्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून आलेली ती माणसं, मुंबईच्या सिनेमासंगीताला त्यांनी कागद वाचायला लावलं, आणि हे सगळं हातानं लिहून! हे अगदी खरं आहे. फरक इतकाच, की त्यांच्यासमोर वाचून वाजवणारे बसत. आचार्यांच्या वाद्यवृंदात कागद वाचणारा एकच, आणि तो कागद त्यानंच लिहिलेला. तरी प्रत सगळ्यांना मिळते. तबलजींनाही. ते ती मांडीशेजारी अंथरून तिच्यावर पावडरचा डबा आणि हातोडी ठेवतात.

गेल्या कोजागरीला मात्र कळस झाला. पांढरी दोनमध्ये बसवलेलं गाणं. प्रयोगाच्या तासभर आधी गायिका म्हणाली, “सर, आज आवाज छान लागलाय, काळी दोन घेऊ या ना.” पेटीवाल्यांची ही मोजदाद मला फार आवडते. काळी दोन म्हणजे डी शार्प की ई फ्लॅट, या भानगडीत ती पडतच नाही. संगणकाला पडावं लागतं. घाईत आचार्यांचं बोट डी शार्पवर पडलं आणि समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रती निघूनही आल्या. ई फ्लॅटचं तीन फ्लॅटांत भागतं, डी शार्पला नऊ शार्प लागतात. मूळची एफ शार्प मायनर आता एफ डबल शार्प मायनर झाली होती. म्हणजे आपली जी मायनरच, पण सोवळं नेसलेली.

“सर, ही कॉर्ड कुठं असते?” गिटारवाल्यानं विचारलं.

चूक आचार्यांच्या केव्हाच लक्षात आली होती, पण प्रती छापून झाल्या होत्या. “व्याकरणानं हेच शुद्ध आहे,” ते म्हणाले. “डी शार्पची तिसरी पायरी काढून बघ.”

गिटारवाल्यानं काही काढलं नाही. पहिल्या पट्टीवर कॅपो चढवला, जुनीच डीची बोटं धरली आणि कागद खुर्चीखाली सारला. गाणं झकास झालं. वन्स मोअर आला.

पुढच्या कार्यक्रमाला हा गिटारवाला परगावी गेला. बदली म्हणून कॉलेजातला एक मुलगा आला. गाणी त्यानं कधी ऐकलेलीसुद्धा नव्हती, पण कागद समोर ठेवून पहिल्या ओळीपासून सरळ वाजवत सुटला. दुसऱ्या अंतऱ्याशी थांबला.

“सर, हा त्रिकोण कसला?”

तबलजींनी डबा बंद केला. निवेदक चहा सांगायला उठला. आचार्यांनी खुर्ची मुलाच्या शेजारी ओढली, चष्मा पुसला आणि १९७६ पासून सुरुवात केली.