वारा थोडासाच असतो

माँटाना राज्याचं क्षेत्रफळ ३ लाख ८० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून बरंच मोठं; आणि माणसं जेमतेम ११ लाख. आमच्या एकट्या सांगली जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत २८ लाख भरली होती. एवढ्या रिकाम्या मुलखात राहायला जायचं तर गाव निवडायला काय वेळ लागतोय, असं कुणालाही वाटेल. पण पर्याय दोनच असले की नवरा-बायको एकदाच भांडून मोकळे होतात. इथे भांडणाला आडवं-उभं मैदान मिळालं.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमचं सगळं सुखात चाललं होतं. चालत जाण्याच्या अंतरावर कढीपत्ता, शेजारी तीन मराठी घरं, त्यांतल्या दोघांशी अबोला. मुलगी कॉलेजला गेली, नवऱ्याच्या कंपनीने कायमची घरून काम करायची मुभा दिली, आणि त्याच सुमारास त्याने 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' हा १९९२ चा सिनेमा पुन्हा पाहिला. त्यात तरुण ब्रॅड पिट माँटानातल्या नदीच्या पाण्यात उभा राहून गळ फेकतो. सिनेमा संपल्यावर नवरा बराच वेळ उभाच होता. कृष्णेच्या घाटावर लहानपणी पंचात सापडलेली चार पिल्लं सोडली तर या माणसाने मासा धरलेला नाही, खातो मात्र उत्तम. ब्रॅड पिटचं आणि त्याचं साम्य पाण्यापुरतंच.

त्याची अट एकच: दारापासून अर्ध्या तासात ट्राउटची नदी. माझ्या अटी जास्त होत्या, कारण मी माझ्या आणि त्याच्याही तब्येतीचा विचार करत होते. बरं इस्पितळ हवं, विमानतळ हवा, दात दुखला तर दंतवैद्याकडे पोहोचेपर्यंत तो पडून जाऊ नये, आणि वर्षातले निदान दोन महिने खोबरेल तेल बाटलीत आपोआप पातळ राहावं.

सासूबाईंना सांगलीला फोन करून कळवलं. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, शांतपणे ऐकून घेतात आणि मग तपासतात. "अगं, ते पुण्याचे रजनीश असेच गेले होते ना, तिकडे पश्चिमेला, माळावर?" गेले होते. १९८१ साली कोरेगाव पार्कातून उठून ओरेगॉनमध्ये चौसष्ट हजार एकरांचं रँच घेतलं. शेजारच्या अँटिलोप नावाच्या वस्तीत मोजून चाळीसेक माणसं राहायची. पाहुण्यांनी तिथली घरं घेतली, निवडणूक जिंकली आणि गावाचं नाव बदलून रजनीश करून टाकलं. गुरूंकडे रोल्सरॉइस त्र्याण्णव आणि रस्ता कच्चा. १९८५ मध्ये सगळा कारभार अटका-खटल्यांत संपला. माँटाना वेगळं, ओरेगॉन वेगळं, आणि आमच्याकडे एकच टोयोटा, हे मी त्यांना पटवून दिलं. तरी पश्चिमेकडची खेड्यातली माणसं नव्या बिऱ्हाडाकडे डोळे बारीक करून का बघतात, ते मला त्या फोननंतर जास्त कळलं.

मग आम्ही सुट्टी काढून गावं बघत फिरलो. सोबत एक इस्टेट एजंट बाई, मोठ्या गाडीच्या, मोठ्या मनाच्या. त्यांचं बोलणं ऐकताना मला आमच्या गल्लीतल्या लग्नं जमवणाऱ्या काकू आठवायच्या. मुलगा तापट असला की "जरा मनस्वी आहे" आणि पोट सुटलेलं असलं की "खात्यापित्या घरचा". एजंट बाई म्हणायच्या, "हिवाळा थोडा लांबतो." "धूर फक्त ऑगस्टमध्ये." "वारा थोडासाच असतो." ज्या गावची गोष्ट त्याच गावच्या माणसाला विचारून काही कळत नाही, शेजारच्या गावाला विचारावं, ही आपली जुनी पद्धत तिथे बिनचूक चालली. माँटानातल्या प्रत्येक गावाला एक खोड आहे आणि बाकीच्या सगळ्या गावांना ती तोंडपाठ आहे.

पहिलं मिझुला. विद्यापीठाचं गाव, मधून क्लार्क फोर्क नदी, पुस्तकांची दुकानं, सायकलवाले प्राध्यापक. सिनेमातली गोष्ट इथलीच, त्यामुळे नवरा गाडीतून उतरतानाच भारावलेला. बोझमन नावाच्या गावच्या एका माणसाने आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की मिझुला म्हणजे झाकण घातलेलं पातेलं. ते खरं निघालं. डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात हिवाळ्यात गार हवा तळाशी बसते, वर ऊबदार हवेचा थर येतो, आणि चुलींचा-मोटारींचा धूर मधल्या मधे कोंडून राहतो. आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही. उन्हाळ्यात जंगलं पेटतात, तेव्हाही धूर मुक्कामाला इथेच. नवरा म्हणाला, चालेल, नदी आहे ना. मग कॉफीच्या दुकानातल्या एका म्हाताऱ्याने त्याला सहज सांगितलं, की मूळ कादंबरीत नदी आहे जवळची ब्लॅकफूट, पण सिनेमातली मासेमारी बरीचशी गॅलाटिन नदीवर चित्रित केली, बोझमनच्या बाजूला, तीनशे किलोमीटरवर. आणि सिनेमातलं जुनं मिझुला गाव? तेही लिव्हिंग्स्टनमध्ये. नवऱ्याने कॉफी अर्धी टाकली. माझ्या यादीतून मिझुला त्या म्हाताऱ्यामुळे परस्पर कमी झालं. भला माणूस.

मग अर्थात बोझमन. ते मला आवडलं, हे इथे नमूद करते. राज्यातला सगळ्यात गजबजलेला विमानतळ, चांगलं इस्पितळ, डायनोसॉरच्या सांगाड्यांचं नामांकित संग्रहालय, मागे बर्फाचे डोंगर. पण हे सगळं आमच्याआधी बऱ्याच जणांना आवडून गेलं होतं. कोविडच्या काळात लॅपटॉप घेऊन माणसं आली, त्यात २०१८ पासून 'यलोस्टोन' मालिकेतला केव्हिन कॉस्टनर घरोघरी घोडा दामटत होता. राज्यभर त्या गावाला आता 'बोझँजेलिस' म्हणतात. एजंट बाईंनी एक घर दाखवलं: तीन खोल्या, गॅरेजचं दार अर्ध्यावर अडकलेलं, न्हाणीघरात गुलाबी गालिचा. किंमत ऐकून मी आधी चलन कुठलं ते विचारलं. एडिसनचं घर विकून त्या गालिच्यापर्यंत आम्ही पोहोचलो असतो, भिंती बँकेच्या राहिल्या असत्या.

बिलिंग्ज राज्यातलं सर्वांत मोठं शहर, लाखावर वस्ती, उत्तम इस्पितळं. बाकीचे माँटानावाले मात्र "बिलिंग्ज? मग माँटाना कधी बघणार?" असं विचारतात. तिथे तेलाच्या रिफायनऱ्या आहेत आणि बिटापासून साखर करणारा कारखाना आहे. हंगामात गावभर वास सुटतो म्हणे. नवरा म्हणाला, "साखर कारखान्याच्या वासातून निघालो, सात समुद्र ओलांडले, आणि आता पैसे देऊन परत त्यातच?" या मुद्द्यावर आमचं भांडणाविना एकमत झालं. हेलेना राजधानी असूनही तीसेक हजार वस्तीची. लोकांच्या अंगणात हरणं पानकोबी खातात. छान आहे, पण मनासारखं एकही घर विकायला नव्हतं. व्हाइटफिशला नुसतं थांबायलाच परवडलं नाही. लिव्हिंग्स्टनला वारा इतका की अधूनमधून महामार्ग उंच ट्रकांसाठी बंद करतात. एजंट बाई तिथे पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत, स्कार्फ शोधत होत्या.

ग्लासगोला मात्र मी हट्टाने गेले. ते पार ईशान्येला, कॅनडाच्या सरहद्दीपासून थोडं खाली. २०१८ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने हिशोब करून जाहीर केलं की अमेरिकेच्या मुख्य भूमीवर 'सगळ्यापासून दूर' म्हणावं असं गाव हेच. पंचाहत्तर हजार वस्तीचं कुठलंही शहर घ्या, मोटारीने साडेचार तास. गावाला त्याचा राग नाही, अभिमान आहे. मी गेले ते मसुरीसाठी. अमेरिकेत सगळ्यात जास्त मसूर माँटानात पिकते आणि त्यातली पुष्कळशी या बाजूला. एवढ्या परमुलखात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, नजर पोहोचेल तिथवर, घोट्याएवढी उभी आमटी! मी गाडी थांबवायला लावली. धान्याच्या उंच कोठाराशी एक शेतकरी भेटला. मी भारतातली म्हटल्यावर त्याने खिशातून मूठभर मसूर काढून माझ्या ओंजळीत ठेवली आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, की २०१९ मध्ये तुम्ही आमच्या मसुरीवर ते जादा शुल्क का लावलंत? २०२३ मध्ये उठवलं, असं मी सांगितलं. "चार वर्षं," तो म्हणाला. मी भारत सरकारच्या वतीने मान खाली घातली. सासूबाईंना रात्री हे सांगितलं तर त्यांनी "अख्खी की डाळ?" एवढंच विचारलं. अख्खी. "मग भिजत घालावी लागेल," असं म्हणून त्यांनी ग्लासगो निकालात काढलं.

ब्यूटला घरं स्वस्त. एके काळी त्या टेकडीला पृथ्वीवरची सर्वांत श्रीमंत टेकडी म्हणायचे, इतकं तांबं तिच्यातून निघालं. मग टेकडी खाऊन संपली आणि खड्डा उरला: बर्कली पिट, दीडेक किलोमीटर लांब. १९८२ मध्ये पंप बंद केले, खाणीत पाणी चढत गेलं, आणि आता तिथे आम्ल आणि जड धातूंचं तळं आहे. प्रवासी तिकीट काढून ते बघतात, आम्हीही बघितलं. १९९५ साली हिमहंसांचा थवा तिथे उतरला आणि साडेतीनशेच्या आसपास पक्षी मेले. तेव्हापासून पक्ष्यांनी पाण्यावर बसू नये म्हणून राखण ठेवलेली आहे. ब्यूटची माणसं आम्हाला भेटली त्यात सगळ्यात मोकळी, सगळ्यात हसरी. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते पाणी रोज बघायची माझी तयारी नव्हती.

शेवटी ग्रेट फॉल्स. या गावाची शिफारस आम्हाला एकाही माणसाने केली नाही. मिझुलावाले म्हणाले वारा, बोझमनवाले म्हणाले वारा, लिव्हिंग्स्टनवाले जरा समजुतीने हसले. पण विमानतळ आहे, मोठं इस्पितळ आहे, दंतवैद्य भरपूर, घर बोझमनच्या मानाने बरंच कमी किमतीत. मिसूरी नदी गावातून जाते आणि वरच्या अंगाला होल्टर धरणाखालचा तिचा पट्टा ट्राउटसाठी देशभर प्रसिद्ध आहे. १८०५ साली लुईस आणि क्लार्क याच नदीतून वर आले, तर समोर ओळीने पाच धबधबे. होड्यांना लाकडी चाकं लावून अठरा मैल जमिनीवरून ओढत न्याव्या लागल्या आणि त्या भानगडीत महिना गेला. नवऱ्याला हे सगळं फार आवडलं. त्याला ओढायचं नव्हतं.

जवळच्या लोमा गावाने जानेवारी १९७२ मध्ये चोवीस तासांत उणे ४८ पासून अधिक ९ अंशांपर्यंत मजल मारली होती, तेही याच वाऱ्याच्या कृपेने. चिनूक म्हणतात त्याला, डोंगर उतरून येणारा कोरडा, ऊबदार वारा. म्हणजे खोबरेल तेलाला भर जानेवारीत आशा. आजूबाजूच्या गव्हाच्या शेतांत अधूनमधून जाळीचं कुंपण घातलेले तुकडे दिसतात. त्यांच्या खाली हवाई दलाची अण्वस्त्रं आहेत, मध्य माँटानात मिळून अशी दीडशे विवरं. हे सासूबाईंना सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. त्यांनी ते स्वतःच कुठेतरी वाचलं आणि फोन केला. "म्हणजे लष्कर जवळ आहे. मग तुमची वीज जात नसेल."

घराचा ताबा घेतला त्या दिवशी एजंट बाईंच्या हातातून जाळीचं दार निसटलं आणि बिजागरीसकट शेजाऱ्यांच्या हिरवळीवर गेलं. शेजारी ते घेऊन आले. साठीचे, टोपीची दोरी हनुवटीखाली बांधलेले. दार भिंतीला टेकवून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कॅलिफोर्नियाचे नाही ना तुम्ही?" आम्ही म्हटलं, भारतातले, मधे बरीच वर्षं न्यू जर्सी. त्यांचा चेहरा खुलला. भारत चालतो. न्यू जर्सीसुद्धा, दुसरा पर्याय कॅलिफोर्निया असेल तर, चालते. स्क्रू ड्रायव्हर आणायला ते आपणहून गेले.

मोटारीची नवी पाटी घेतली आणि मी मनाने तिथली झाले, कारण पाट्या वाचत जगायची आपल्याला सवय. एमएच-१० दिसली की सांगली, ०९ की कोल्हापूर, १२ असेल तर आधी जाऊ द्यावं. माँटानातही पाटीवर पहिला आकडा परगण्याचा असतो. सुमारे नव्वद वर्षांपूर्वी लोकसंख्येच्या क्रमाने छप्पन्न परगण्यांना ते आकडे वाटले आणि नंतर गावं फुगली, आटली, आकडे तेच राहिले. त्यामुळे तुडुंब भरलेलं बोझमन अजून सहावं. राज्यात विक्रीकर नाही म्हणून देशभरातले शौकीन आपल्या महागड्या मोटारी कंपनीच्या नावाने माँटानात नोंदवतात. पाटी माँटानाची, गाडीने माँटाना बघितलेलं नसतं. आमच्या टोयोटाला मात्र ग्रेट फॉल्सचा खराखुरा २ मिळाला. फोटो सांगलीला पाठवला.

"दुसरा नंबर?" सासूबाई म्हणाल्या. "मग पहिला कुणाचा आला?"

"ब्यूटचा, आई. त्या खड्ड्याच्या गावाचा."

"ते काय करतात?"

"खाण संपली. आता त्या पाण्यावर पाखरं बसू नयेत म्हणून राखण करतात."

"मग आला असेल पहिला. शाळूच्या दिवसांत आम्ही माळ्यावर उभं राहून राखण करायचो, दिवसभर घसा बसायचा. काय वापरतात गं ते?"

"बंदुका आहेत, भोंगे आहेत, लेझर आहेत, आता ड्रोनसुद्धा उडवतात."

"आणि गोफण?"

गोफण नाही म्हटल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या, आणि मग दर शनिवारी मिरजेच्या बाजारात येणाऱ्या एका म्हातारीकडे सुताची चांगली गोफण मिळते, कुणी येणार असेल तर दोन पाठवते, म्हणाल्या.