आमच्या लिफ्टची खंडेनवमी

कृष्णामाईने 2019 मध्ये गावभागात मुक्काम ठोकला, तेव्हापासून सांगलीकरांना उंचीचं भारी प्रेम. आम्हीही विश्रामबागेत चौथा मजला घेतला. पुराचं पाणी तिथवर चढणार नाही, याची खात्री होती. आपण चढणार कसे, ते सोसायटीवर सोपवलं.

सोसायटी लिफ्टचं मनोभावे करते. खंडेनवमीला मशीनरूम उघडते, कंट्रोलरला हळदकुंकू, मोटरला झेंडूचा हार. 2017 च्या महाराष्ट्राच्या कायद्यालाही लिफ्टची वर्षातून एकदा तपासणी लागते. आमच्याकडे निरीक्षकाऐवजी गुरुजी येतात, एवढाच फरक.

देखभालीचा पोरगा आला, की सगळ्यांच्या पोटात दुखतं. परवा त्याने मेन स्विच पाडून कुलूप लावलं, प्रत्येक मजल्यावर ‘काम चालू आहे’ची पाटी अडकवली आणि खड्ड्यात उतरला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पाटी काढून कोपऱ्यात ठेवली. पाहुणे यायचे होते, दारात बरं दिसत नाही. सेक्रेटरी वरून ओरडले, “अरे, पाच मिनिटं चालू कर की! भाजीची पिशवी तेवढी वर जाऊ दे.” किल्ली त्या पोराच्या खिशात होती, म्हणून तो जेवायला घरी गेला.

जाताना सांगून गेला : दोराच्या तारा तुटायला लागल्यात, दोर बदला. आणि केबिनमध्ये ग्रॅनाइट बसवू नका. पलीकडचं काउंटरवेट रिकाम्या केबिनच्या वजनात साधारण निम्म्या माणसांचा भार धरून ठरवलेलं असतं. केबिन जड केली की तोल बिघडतो.

सभा भरली. तळमजलावाले म्हणाले, आम्ही लिफ्ट वापरत नाही, वर्गणी देणार नाही. चेअरमनसाहेबांनी अभ्यास केला होता. “ओटिस नावाच्या माणसाने 1854 मध्ये न्यूयॉर्कला भर गर्दीत दोर कापून दाखवला. लिफ्ट पडली नाही! मग आपण दोर का बदलायचा?” ओटिसची लिफ्ट पडता पडता अडवणारी यंत्रणा धड होती, आमची कधी तपासली, हे विचारणाऱ्याला ‘विषयपत्रिकेबाहेर’ म्हणून बसवण्यात आलं.

अखेर ग्रॅनाइट आणि मोठा आरसा एकमताने मंजूर झाला. दोराचा विषय पुढच्या सभेत घेण्याचं ठरलं. तोवर दोराने सहकार्य करावं, अशी नोंद इतिवृत्तात आहे.