टिकाव धरण्याची साधने

माणूस नोकरीत रमतो तो कामातले यश, कौतुक आणि जबाबदारी यांमुळे. पगार फार तर नाराजी टाळतो, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली अभियंते आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून मांडले. पुण्याची आयटीनगरी हिंजवडी त्यांनी पाहिलेली नव्हती.

हिंजवडीतल्या अभियंत्याला टिकवणारे मुख्य साधन म्हणजे वीस वर्षांचे गृहकर्ज. ते बँक देते. एचआरला त्यासाठी दमडीही खर्चावी लागत नाही. त्याखालोखाल नोटीस पीरियड. ९० दिवसांचा आकडा ऐकला की ‘लगेच रुजू होणारा’ उमेदवार शोधणारी नवी कंपनी काढता पाय घेते. तिची स्वतःची नोटीसही ९० दिवसांचीच असते, हा भाग वेगळा. कबूल केलेले शेअर सहसा ४ वर्षांत हप्त्याहप्त्याने पदरात पडतात, पहिले वर्षभर काहीच नाही. ग्रॅच्युइटीला सलग ५ वर्षे लागतात. म्हणून साडेचार वर्षे झालेला माणूस अप्रेझलमध्ये कितीही बोलणी खाल्ली तरी हसतमुख दिसतो.

चांगला मॅनेजर हेही साधन आहे, पण तो बहुधा आधी सोडून जातो.

एवढ्यावरही कोणी राजीनामा टाकलाच, तर त्याच संध्याकाळी त्याला काचेच्या केबिनमध्ये बोलावतात. दोन वर्षे ‘बजेट नाही’ म्हणून अडलेली पगारवाढ तिथे दहा मिनिटांत मंजूर होते. ऑनसाइटचा विषयही तेव्हाच निघतो.